हॅम-चीज पाव: तळ ओला का होतो?

प्रश्न : नाताळच्या पार्टीसाठी हॅम-चीजचे भाजलेले सँडविच करते. खालचा पाव लगदा होतो. घरी ओव्हन लहान आहे. काय करावे?
– एक वाचक, दौंड

उत्तर : दोष बहुधा हॅमच्या पाण्याचा असतो. गोठवलेले हॅम आदल्या रात्री फ्रीजमध्येच सुटू द्या, मग प्रत्येक काप स्वच्छ फडक्याने कोरडा करा. पुण्याहून आणत असाल तर बर्फाच्या डब्यातूनच आणा.

या पदार्थाला आपल्या लादी पावासारखा पाव नाही. बारा पावांची लादी न तोडता आडवी कापा. खालचा भाग तव्यावर कोरडाच शेका. त्यावर आधी चीज, मग हॅम, वर पुन्हा चीज. खालचे चीज ओल अडवते. हॅम आणि चीज दोन्ही खारट, म्हणून घरचे बिनमिठाचे लोणीच घ्या. ५० ग्रॅम वितळवून त्यात चमचाभर मोहरीचा सॉस, किसलेला पिळलेला कांदा आणि खसखस घाला. हे मिश्रण फक्त वरून आणि भाजायच्या वेळीच लावा. रात्री लावून ठेवलेत तर पाव भिजलाच म्हणून समजा.

१७५ अंशांवर फॉइलखाली १५ मिनिटे, मग उघडे ५ मिनिटे. लहान ओव्हनमध्ये अर्धी-अर्धी लादी भाजा. पाहुणे जास्त असतील तर नानकटाईसारखे ट्रे बेकरीच्या भट्टीत द्या. मात्र पाव निघून भट्टी जरा निवल्यावर, नाहीतर खसखस करपेल. तिथे हॅम चालेल का, हे आधी विचारा. नाही म्हणाले तर चिकन सलामी वापरा, कृती तीच.