मानसशास्त्राकडे पाहण्याची विद्यार्थ्यांची दृष्टि

दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं पुढें कोणता विषय घ्यावा हें विचारावयास येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडीं अलीकडे मानसशास्त्राचें नांव पुष्कळदां ऐकूं येतें. विद्यापीठांत जाऊन तोच विषय शिकत असलेले आमचे जुने विद्यार्थीही सुटींत भेटतात. पहिल्यांच्या बोलण्यांत कुतूहल असतें. दुसऱ्यांच्या बोलण्यांत बहुधा प्रथम कुरकुर असते. एकाच विषयाकडे पाहण्याच्या दृष्टींत दोन वर्षांत एवढें अंतर कां पडतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पुष्कळांस वाटतें, कीं हें शास्त्र शिकलें म्हणजे समोरच्याच्या मनांतलें ओळखतां येईल. वसतिगृहांतील सोबतीही नव्या विद्यार्थ्यास "माझ्या मनांत काय आहे, सांग पाहूं" असें म्हणून पिडतात. कांहींस हा कला शाखेंतील सोपा विषय वाटतो. गोष्ट सांगावी तसें उत्तर लिहावें आणि गुण मिळवावे. (हें 'वेड्यांचें शास्त्र' आहे ही वडील मंडळींची समजूत निराळीच, तिच्यापायीं कित्येक मुलींस मनांतून आवडलेला विषय सोडावा लागतो.)

मग प्रयोगशाळेची पायरी चढावी लागते. विल्हेल्म वुंट यांनीं १८७९ सालीं लाइपझिग येथें प्रयोगशाळा काढली, तेव्हांपासून हें शास्त्र मोजमापाच्या मार्गास लागलें. आपल्या देशांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ च्या सुमारास नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हातीं हा विभाग सोंपविला. पुणें विद्यापीठांत १९५० सालीं तो निघाला, तोही 'प्रायोगिक मानसशास्त्र' या नांवानें. तेव्हां सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांची गांठ पडल्यावर "आम्ही माणसें समजून घ्यावयास आलों, आंकडेमोड करावयास नव्हे," असें विद्यार्थी म्हणतात, तें ऐकून आम्हांस नवल वाटत नाहीं. नवल वाटतें तें याचें, कीं हे आंकडे कशासाठीं, हें त्यांस कोणी आधीं नीट सांगत नाहीं.

एकच उदाहरण घेऊं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें विस्मरण मोजावयाचें मनावर घेतलें. अर्थ असलेला मजकूर घ्यावा, तर ओळखीच्या शब्दांस शब्द चिकटून येतो. ओवी ऐकतां ऐकतां पाठ होते, ती त्यामुळेंच. म्हणून त्यानें सुमारें २,३०० निरर्थक अक्षरगट बनविले. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्तही तोच. एक माळ पाठ करावी, कांहीं काळ जाऊं द्यावा, पुन्हा पाठ करावी, आणि या वेळीं किती श्रम वांचले तें मोजावें, असा त्याचा क्रम असे. हें काम त्यानें १८८५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. शिकलेलें पहिल्या कांहीं तासांत झपाट्यानें जातें आणि पुढें सावकाश जातें, हें त्यास आढळलें. आणखी असें, कीं बारा अक्षरगटांच्या माळेच्या एकाच दिवशीं ६८ आवृत्त्या करून दुसऱ्या दिवशीं जो लाभ दिसला, तोच तीन दिवसांत वांटलेल्या ३८ आवृत्त्यांनीं मिळाला. आमच्या माहितीप्रमाणें मानसशास्त्राचे विद्यार्थी हा निष्कर्ष तोंडपाठ करितात, आणि तोही परीक्षेच्या आदल्या रात्रीं!

आतां, "मला आदल्या रात्रींच अभ्यास साधतो," असें एक मुलगा म्हणतो. "रोज थोडें थोडें वाच," असें त्याची आई म्हणते. दोघेंही आपापल्या अनुभवावरूनच बोलतात. अशा तंट्यांत मोजल्यावांचून कोणाचा शब्द धरावा? येवढें ध्यानीं आलें, म्हणजे कुरकुर करणारा विद्यार्थी विषयांत रमूं लागतो, असें आम्हीं पाहिलें आहे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आणखी एक धक्का बसतो. पूर्वीं छापलेल्या १०० संशोधनांचे प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. मूळ लेखांपैकीं ९७ टक्क्यांत निर्णायक फल आलें होतें. पुनः प्रयोगांत तें अवघ्या ३६ टक्क्यांत आलें. "मग हें शास्त्र तरी कसलें?" असें कांहीं विचारतात. आमचें मत उलट आहे. स्वतःची उणीव स्वतःच मोजून चव्हाट्यावर मांडणारीं शास्त्रें फार नाहींत. फलज्योतिषानें असा हिशेब कधीं दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

परंतु कांहीं विद्यार्थी याहून निराळ्या कारणानें येतात, आणि त्यांची आम्हांस अधिक काळजी वाटते. घरांत कोणी मनाच्या व्यथेनें पिडलेलें असतें, किंवा स्वतःचीच झोंप उडालेली असते; विषय शिकलों तर औषध सांपडेल, ही त्यांची आशा असते. अशांच्या हातीं मनोविकारांचें प्रकरण आलें, कीं प्रत्येक लक्षण आपल्या ठायीं दिसूं लागतें. त्यांस आम्ही स्पष्ट सांगतों, कीं पदवीचा अभ्यास हा उपचार नव्हे, आणि केवळ बी. ए. झाल्यानें दुसऱ्यावर उपचार करण्याचा अधिकारही येत नाहीं. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होण्यासाठीं त्यापुढील विशेष शिक्षण घ्यावें लागतें, आणि १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याप्रमाणें नोंदणीही लागते. ज्यास आज दुःख आहे, त्यानें आजच डॉक्टरांकडे जावें. शासनानें २०२२ सालीं काढलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे. उपचार चालूं असतांना विषयही खुशाल शिकावा. त्यास कोणाची आडकाठी नाहीं.