आंतरजालावरील शोधयंत्रे : तुलना व निवड

पिकावर अनोळखी कीड दिसली, खताची मात्रा ठरवावयाची झाली, किंवा बाजार समितीत कांद्याला काय भाव निघाला हे पाहावयाचे झाले, की आज बहुतेक शेतकरी खिशातील मोबाईल काढतो आणि चार शब्द लिहून अथवा बोलून उत्तर मागतो. उत्तर क्षणार्धात मिळते. ते कोठून आले, कोणी निवडले आणि दुसऱ्या ठिकाणी विचारले असते तर निराळे उत्तर मिळाले असते काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. बियाणे घेताना चार दुकानांत चौकशी करणारा शेतकरी माहितीच्या बाबतीत पहिल्याच दुकानात थांबतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. औषध, मात्रा आणि मिश्रण यांविषयीची माहिती ही जिवाशी गाठ असलेली वस्तू आहे, आणि ही माहिती आता मोठ्या प्रमाणावर शोधयंत्रातूनच घेतली जाते. म्हणून शोधयंत्रांची पारख करणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कामाचाच एक भाग मानावयास हवे.

शोधयंत्राचे कार्य

पुष्कळांची अशी समजूत असते की, प्रश्न विचारताच शोधयंत्र जगभर धावून उत्तर घेऊन येते. वस्तुस्थिती तशी नाही. शोधयंत्र चालविणाऱ्या कंपनीचे संगणक अगोदरपासून आंतरजालावरील पाने एकामागून एक वाचीत असतात आणि कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत याची एक अवाढव्य सूची तयार करून ठेवतात. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीसारखीच ही सूची असते. प्रश्न आला म्हणजे या सूचीत पाहून जुळणारी पाने काढली जातात व कोणते वर आणि कोणते खाली दाखवावयाचे हे ठरविले जाते. सूचीत नसलेले पान कितीही उपयुक्त असले तरी दिसणार नाही. कृषी विद्यापीठाचे आज सकाळी निघालेले पत्रक काही वेळा लगेच सापडत नाही, त्याचे कारण हेच.

पानांचा क्रम लावण्याचे काम सर्वांत कठीण होय. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांची मुख्य कल्पना अशी होती की, ज्या पानाकडे इतर अनेक चांगली पाने बोट दाखवितात, ते पान अधिक विश्वसनीय समजावे. पुढे या हिशेबात इतर शेकडो गोष्टींची भर पडली. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी : वर दिसणारे पान हे लोकमान्य असू शकते, पण ते खरे असतेच असे नाही.

कोणाची सूची कोणाकडे

सध्या भारतात होणाऱ्या शोधांपैकी शंभरातील नव्वदांहून अधिक गूगलवर होतात. मायक्रोसॉफ्टचे बिंग हे शोधयंत्र २००९ साली सुरू झाले. डकडकगो २००८ मध्ये, तर ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये निघाले. याहू हे नाव जुने व परिचित आहे. वरवर पाहता ही पाच दुकाने झाली, पण सूची मात्र पाच नाहीत. गूगल, बिंग व ब्रेव्ह यांच्या सूची त्यांच्या स्वतःच्या आहेत. याहू व डकडकगो यांना दुव्यांचा मुख्य पुरवठा बिंगकडून होतो. २३ मे २०२४ रोजी बिंगमध्ये बिघाड झाला, तेव्हा डकडकगोही काही तास बंद पडले होते.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. एका ठिकाणच्या उत्तराची दुसरीकडे खातरजमा करावयाची असेल, तर बिंगनंतर याहूवर विचारण्यात फारसा अर्थ नाही. एकाच गोदामातून आलेल्या दोन पिशव्यांतील दाणे ताडून पाहण्यासारखे ते होते. गूगल व बिंग, किंवा गूगल व ब्रेव्ह, अशी जोडी घ्यावी.

मोबाईल विकत घेतला तेव्हापासून त्यात जे शोधयंत्र बसविलेले असते तेच बहुतेकजण वापरतात. ही जागा फुकट मिळत नाही. अमेरिकेतील एका खटल्यात असे उघड झाले की, निरनिराळ्या उपकरणांत आपले शोधयंत्र मूळ म्हणून राहावे याकरिता गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकविली, असा निर्णय दिला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड केला होता. यावरून गूगल निकृष्ट ठरत नाही. परंतु ते मोबाईलमध्ये आहे म्हणून ते सर्वोत्तम, हे अनुमानही टिकत नाही.

तुलनात्मक चाचणी

दोन वाणांची तुलना कशी करतात हे प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहे. जमीन एक, पेरणीचा दिवस एक, खत-पाणी सारखे, फक्त वाण निराळा. शिवाय एका वाफ्यावरून निष्कर्ष काढावयाचा नसतो. शोधयंत्रांच्या चाचणीलाही हेच नियम लागू पडतात. प्रश्नाचे शब्द तेच असावेत, दिवस व वेळ एक असावी, मोबाईल एकच असावा. मोबाईलधारकाचे पूर्वीचे शोध व त्याचे ठिकाण पाहून काही शोधयंत्रे निकालाचा क्रम बदलतात, म्हणून चाचणी ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावी. एक-दोन नव्हे, निदान दहा प्रश्न घ्यावेत, आणि ते गावातील खऱ्या अडचणींतून निवडावेत. प्रत्येक शोधयंत्राची पहिली पाच उत्तरे वहीत नोंदवून प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात : पान कोणाचे आहे, त्यावर तारीख आहे काय, ते आपल्या पिकाला व विभागाला लागू आहे काय, आणि ते जाहिरात तर नाही ना. जमल्यास एकाने शोधावे आणि शोधयंत्राचे नाव न सांगता दुसऱ्यास उत्तरे वाचून दाखवावीत. नावाचा दबदबा भल्याभल्यांचे मत वाकवितो.

प्रश्न कोणी निवडले याला किती महत्त्व आहे, हे एका जुन्या प्रकरणावरून कळते. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने, नाव झाकून तुलना केली असता लोक दोनास एक या प्रमाणात बिंग पसंत करतात, असा प्रचार केला. पुढील वर्षी येल विद्यापीठातील प्राध्यापक इयान एअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक हजार लोकांवर तीच चाचणी घेतली, तेव्हा ५३ टक्के लोकांनी गूगल व ४१ टक्के लोकांनी बिंग निवडले. मायक्रोसॉफ्टने सुचविलेले शब्द वापरले असता बिंगची बाजू सुधारत होती, तर लोकांनी स्वतःचे शब्द वापरले असता गूगल पुढे जात होते. कंपनीच्या प्रात्यक्षिक प्लॉटवरील उत्पन्न आणि आपल्या रानातील उत्पन्न यांत जो फरक असतो, तोच हा फरक.

मराठीतील शोध

मराठी मजकुराच्या बाबतीत गूगलची सूची सर्वसाधारणपणे मोठी असून बोलून शोधण्याची सोयही त्यात २०१७ पासून मराठीत आहे. ज्यांना अक्षरे जुळविण्याचा कंटाळा येतो त्यांस ही सोय फार उपयोगी आहे. तरी अडचणी शोधयंत्रापेक्षा शब्दांमुळे अधिक येतात.

‘लष्करी अळी’ हे उदाहरण घ्यावे. या नावाची एक अळी ज्वारी व भात या पिकांवर पूर्वीपासून येते. अमेरिकेतून आलेली दुसरी लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर पसरली. नुसते ‘लष्करी अळी’ असे लिहिल्यास दोन्हींची पाने सरमिसळ होऊन येतात, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला जाण्याचा संभव निर्माण होतो. ‘मका अमेरिकन लष्करी अळी ओळख’ असे लिहिल्यास डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके यांचे वर्णन असलेली पाने वर येण्याचा संभव पुष्कळच वाढतो. आधी ओळख शोधावी, रानात जाऊन अळी पाहावी, मगच उपाय शोधावा. हा क्रम उलटा करणारे फार.

डाळिंबावरील ‘तेल्या’ हे बोलीतील नाव आहे. विद्यापीठांच्या पत्रकांत तो रोग ‘तेलकट डाग रोग’ म्हणून येतो. दोन्ही नावांनी शोध घेतल्यास पाने निरनिराळी मिळतात. सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे साहित्य हवे असल्यास प्रश्नात केंद्राचे नावही घालावे. ‘शेंदरी’ व ‘गुलाबी’ बोंडअळी एकच होय, पण यंत्राला ते कळेलच याची खात्री देता येत नाही. ‘कीड’ व ‘किड’, ‘मोझॅक’ व ‘मोझेक’ अशा लेखनभेदांनीही निकाल बदलतो. शिवाय लिपी एकच असल्यामुळे हिंदी पाने मराठीत मिसळतात, आणि उत्तरेकडील पेरणीच्या तारखा मराठवाड्यातील शेतकऱ्यापुढे येतात. प्रश्नात जिल्ह्याचे किंवा विभागाचे नाव घातल्याने हा घोळ बराच कमी होतो.

विशिष्ट शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहावा. केवळ सरकारी पाने पाहावयाची असल्यास इंग्रजी ‘साइट’ हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता, हे सर्व इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे व नंतर आपला प्रश्न लिहावा. विद्यापीठांसाठी शेवट ‘एसी डॉट इन’ असा करावा. ही युक्ती गूगल, बिंग, डकडकगो व ब्रेव्ह या चारही ठिकाणी चालते. एवढी एक गोष्ट शिकविली तरी गावातील निम्मी दिशाभूल टळेल.

जुनी पाने, जाहिराती व तयार उत्तरे

एंडोसल्फान या कीटकनाशकाचे उत्पादन, विक्री व वापर यांवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. त्यापूर्वी लिहिलेल्या व त्याची शिफारस करणाऱ्या पानांवर मात्र कोणी बंदी घातलेली नाही, आणि अशा पानांवर पुष्कळदा तारीखच नसते. शोधयंत्र पानाचे वय जाणते, पण शिफारस बाद झाली आहे हे जाणत नाही. सबब औषधाविषयीचा प्रत्येक शोध ‘गेले एक वर्ष’ अशी कालमर्यादा लावून पुन्हा एकदा करावा. शेवटचा शब्द डब्यावरील लेबल व सोबतच्या माहितीपत्रकाचा मानावा. ज्या पिकासाठी व किडीसाठी औषधाची नोंदणी आहे तेवढ्याचाच उल्लेख त्यावर असतो.

शोधसेवा विनामूल्य वाटते, तिचा खर्च जाहिरातींतून निघतो. निकालाच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे असे समजावे. सौर कृषिपंपांच्या प्रधानमंत्री कुसुम योजनेच्या नावाने नोंदणी शुल्क उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार इशारे दिले आहेत. पहिल्या दुव्यावर भरवसा ठेवून ज्याने हजारो रुपये भरले, त्याला पंपही मिळत नाही व पैसेही परत मिळणे दुरापास्त होते. अर्ज करण्यापूर्वी पत्त्याचा शेवट पाहणे एवढाच यावर साधा इलाज आहे.

अलीकडे निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले तयार उत्तर येऊ लागले आहे. गूगलने ही सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात सुरू केली. अमेरिकेत आरंभीच या यंत्राने रोज एक लहान दगड खावा असा सल्ला दिला. त्याचा उगम एका विनोदी नियतकालिकातील लेखात होता. दगडाचा सल्ला कोणी मानणार नाही. परंतु एका पानावरील ‘प्रति हेक्टर’ मात्रा दुसऱ्या पानावरील ‘प्रति एकर’ या शब्दांशेजारी येऊन बसली, तर ती सहज मानली जाईल, आणि औषध सुमारे अडीचपट पडेल. अशा उत्तराखाली ज्या पानांचे दुवे दिलेले असतात ती उघडून मूळ आकडा व त्याचे एकक वाचल्याशिवाय फवारणीचे प्रमाण ठरवू नये.

निवड

मराठीतील रोजच्या कामासाठी आज तरी गूगल सोयीचे आहे. औषध, मात्रा, योजना व पैसा यांविषयीच्या प्रश्नांत बिंग किंवा ब्रेव्हवर दुसरा शोध घेण्याची सवय लावावी. कर्ज, आजार किंवा घरगुती तंटा यांसारख्या खासगी बाबींकरिता डकडकगो बरे, कारण ते शोधणाऱ्याची नोंद ठेवीत नाही. एकच मोबाईल घरातील चौघांच्या हाती फिरतो तेथे मात्र ब्राउझरमधील इतिहासही पुसावा लागतो. बाजारभावासाठी कोणत्याही शोधयंत्रावर विसंबू नये, कारण आठवड्यापूर्वीचा दर आजचा म्हणून दिसू शकतो. कृषी पणन मंडळाचे किंवा अॅगमार्कनेटचे पान सरळ उघडून तारखेसह दर पाहावा.

मूळ शोधयंत्र बदलावयाचे असल्यास ब्राउझरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सर्च इंजिन’ या सदरात जावे. तेथील यादीतून हवे ते नाव निवडले की काम झाले, आणि पुन्हा पूर्ववत करण्यासही तेवढाच वेळ लागतो. दोन शोधयंत्रांची उत्तरे जुळत नसतील तर पिकाचा नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारावे.