काटा खरे सांगतो का?

घाटकोपरला आमच्या ओळखीचे एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. ही मोटार शेजारीच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतून ती गेली. पण हौसेने जपलेल्या काही पद्मिनी अजून चालतात.

एकदा त्यांची बायको म्हणाली, “अहो, जरा हळू चालवा ना!”

ते म्हणाले, “काटा बघ की! चाळीसच्या पुढे नाही.”

काटा चाळीसवर होता हे खरे. पण काटाच खोटा असला तर? कोणी सांगितले, केबल बदला. त्यांनी बदलली. पैसे गेले, शंका राहिली. मग आम्ही म्हणालो, “आधी तपासू, मग खर्च करू.”

तपासणी सोपी आहे. तिला घड्याळ लागते आणि अंक वाचता यायला हवेत.

मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्याच्या पुढे नाशिककडे मोठा रस्ता जातो. त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत. आम्ही सकाळी लवकर, गर्दी नसताना गेलो. त्यांनी काटा चाळीसवर स्थिर धरला. घड्याळ आमच्या हातात होते. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहायचे, घड्याळ दुसऱ्याने सांभाळायचे. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले, ते मोजले.

आता हिशेब पाहा. एका तासात ३६०० सेकंद असतात. ३६०० ला आपल्या सेकंदांनी भागा. जे उत्तर येईल तो खरा वेग. चाळीसच्या वेगाने एका किलोमीटरला ९० सेकंद लागायला हवेत. आम्हाला ८० लागले. म्हणजे गाडी ताशी ४५ किलोमीटर पळत होती! दोनदा पुन्हा मोजले. उत्तर तेच आले.

पाचाचा फरक थोडा वाटतो. पण वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट जागा लागते. चाळीसऐवजी पंचेचाळीस असला, तरी ही जागा सव्वापटीहून अधिक होते. रस्त्यात अचानक पोर आले, तर तेवढीच जागा जिवावर बेतते.

आता दोष कुठे ते शोधू. त्यासाठी मीटर कसा चालतो ते पाहू.

गिअरबॉक्समध्ये एक लहान दातेरी चाक असते. गाडी पळाली की ते फिरते. त्याला केबल जोडलेली असते. केबलच्या नळीत पिळाची तार असते. ती मीटरमधले लोहचुंबक फिरवते. चुंबकाजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, तरी फिरणारे चुंबक वाटीला ओढते. वाटीबरोबर काटा सरकतो. केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की काटा थांबतो.

किलोमीटर मोजणारे आकडे त्याच तारेने फिरतात. पण ते दातेरी चाकांनी फिरतात, त्यांना चुंबक लागत नाही. दोष ओळखण्याची खूण इथेच आहे.

१. काटा आणि आकडे दोन्ही बंद : तार तुटली असेल किंवा टोकाचा नट सुटला असेल.

२. काटा थरथरतो, उड्या मारतो : तार सुकली असेल किंवा केबलला मुरड पडली असेल. तार काढून रॉकेलने पुसा. पातळ ग्रीस लावा. मीटरकडचे दोन-तीन इंच मात्र कोरडे ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटर बिघडवते.

३. काटा आणि आकडे दोन्ही सारखेच चुकतात : टायर पाहा. मोठे टायर घातले, तर काटा खऱ्याहून कमी वेग दाखवतो. झिजलेले टायर असले, तर जास्त दाखवतो.

४. आकडे बरोबर, काटा चुकीचा : दोष मीटरच्या पोटात आहे. चुंबकाचा जोर कमी झाला, तर काटा मागे राहतो. स्प्रिंग सैल झाली, तर पुढे पळतो.

आम्ही दगडांप्रमाणे दहा किलोमीटर गेलो. आकडेही दहाच पुढे सरकले. म्हणजे केबल आणि टायर ठीक होते. दोष मीटरमध्ये होता. केबलचे पैसे उगाच गेले होते!

मीटर स्वतः उघडू नका, काटा बोटाने ढकलू नका. हे काम मीटरच्या मेस्त्रीचे आहे. त्याने चुंबकाचा जोर नीट केला. आम्ही पुन्हा दगड मोजले. या वेळी ९० सेकंद लागले. आता त्यांची बायको निश्चिंत बसते.

काट्यावर विश्वास ठेवावा, पण एकदा पारखून.

करून पाहा : काटा तीसवर आहे. एका किलोमीटरला १०० सेकंद लागले. खरा वेग किती? ही गाडी चालवणे धोक्याचे का?