कोंडा नसेल गं तो

परवा लग्नात माझ्या शेजारी बसून तू कितीदा डोकं खाजवलंस, मी बघत होते. विचारलं तर म्हणालीस, "कोंडा आहे ताई, शाम्पू बदललाय." दोन महिने झाले ना बदलून? मग ऐक.

डोक्यातलं गजकर्ण लहान मुलांचं, असं आपण धरून चालतो. खरंही आहे ते. वयात आल्यावर टाळूचं तेलच गजकर्णाच्या बुरशीला वाढू देत नाही. पण पाळी गेली की ते तेल आटतं. त्यात तुला साखर आहे. आईला सत्तरीत हे गजकर्णच झालं होतं आणि आपण वर्षभर कोंडा म्हणून लिंबू चोळत राहिलो. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

उद्या दुपारी उजेडात बस आणि लेकीला भांग पाडून बघायला सांग. एखाद्या जागी केस विरळ झालेत का? टाळूलगत तुटलेत का? कधी नुसते काळे ठिपके दिसतात. चाई पडली तर जागा गुळगुळीत असते, गजकर्णात पापुद्रे असतात. मानेमागे गाठ लागते का, चाचपून बघ. पू धरलेली मऊ सूज दिसली तर एक दिवसही थांबू नकोस.

पण मोठ्या माणसांत हे इतकं स्पष्ट दिसेलच असं नाही. कोंडा वाटतो, सोरायसिस वाटतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना सरळ विचार, "केओएच तपासणी करायची का?" पापुद्रे खरवडून, दोन-चार तुटके केस उपटून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. बहुतेकदा त्याच दिवशी कळतं. बुरशी वाढवून बघायच्या कल्चरला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात. वूड्स लॅम्पच्या अतिनील उजेडात केस चमकले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नकोस. ट्रायकोफायटॉन जातीच्या बऱ्याच बुरशी चमकतच नाहीत.

आणि दुकानदाराने दिलेलं मलम अजिबात लावू नकोस. त्यात स्टिरॉइड असलं की खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आत पसरत राहते. आईचं निदान त्यानेही लांबलं. बुरशी निघालीच तर पोटातून गोळ्या घ्याव्या लागतील, त्याही काही आठवडे, कारण ती केसाच्या आत शिरलेली असते. तिथे नुसतं मलम पोचत नाही.

तोवर कंगवा, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेव. नातवाचं डोकंही बघून घे, तो तुझ्याच उशीवर झोपतो. अपॉइंटमेंट मिळाली की फोन कर, मी येते सोबत. त्या दिवशी डोक्याला तेल लावू नकोस.