घटक ४ : ‘पामेला’ – पत्ररूप, शील आणि सामाजिक दर्जा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• पत्ररूप निवेदनाचे कार्य सांगता येईल.
• ‘पामेला’तील शील व वर्ग यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• ‘व्हर्च्यू’ या शब्दाच्या अर्थछटा उलगडून दाखवता येतील.

४.२ पार्श्वभूमी

सॅम्युअल रिचर्डसन (१६८९–१७६१) हा लंडनमधील मुद्रक. पन्नाशी गाठल्यावर तो कादंबरीकडे वळला. सामान्य वाचकांसाठी नमुनापत्रांचे पुस्तक लिहिण्याचे काम पुस्तकविक्रेत्यांनी त्याच्याकडे सोपवले होते. घरकामाला राहणाऱ्या मुलींनी मालकाच्या वाईट हेतूपासून स्वतःला कसे जपावे, या विषयावरील पत्रे लिहिताना त्याला या कादंबरीची कल्पना सुचली. नोव्हेंबर १७४० मध्ये ‘पामेला, ऑर व्हर्च्यू रिवॉर्डेड’ प्रसिद्ध झाली.

४.३ कथासूत्र

पामेला अँड्र्यूज ही पंधरा वर्षांची दासी. तिच्या मालकिणीने तिला लिहिणे व हिशेब शिकवलेले असतात. मालकिणीच्या मृत्यूनंतर तिचा मुलगा मिस्टर बी पामेलाच्या मागे लागतो. ती दाद देत नाही, तेव्हा तो तिला लिंकनशायरमधील घरात कोंडून ठेवतो. रखेल म्हणून राहण्याच्या मोबदल्यात पैसा देऊ करणारे लेखी प्रस्तावही तो पाठवतो. पामेला प्रत्येक कलमाला स्वतंत्र उत्तर देऊन ते नाकारते. पुढे तिची टिपणे वाचून त्याचे मन पालटते व तो तिच्याशी विवाह करतो.

४.४ पत्र : साक्ष आणि सत्ता

येथे पत्र हे केवळ निवेदनाचे साधन नाही. बंद घरात घडणाऱ्या अन्यायाला अन्य साक्षीदार नाही. दासीचे लेखन हीच तिची साक्ष. म्हणूनच या कागदांवर ताबा कोणाचा, हा कादंबरीतील खरा संघर्ष ठरतो. आई-वडिलांकडे पत्रे पोहोचवणारा नोकर ती आधी मालकाला दाखवतो. कैदेत पत्र पाठवण्याची वाट बंद होते, तेव्हा पत्रांची रोजनिशी होते आणि पामेला ती अंगावरील वस्त्रांत शिवून ठेवते. देह आणि लेखन या दोहोंचे रक्षण एकच होऊन जाते.

घटना घडत असतानाच लिहिल्यामुळे पुढे काय होणार हे लिहिणारीला ठाऊक नसते. तिची भीती वाचकाला ताजी लागते, त्याचे कारण हेच.

४.५ ‘व्हर्च्यू’चा अर्थ

मराठीत ‘व्हर्च्यू’साठी ‘सद्गुण’ आणि ‘शील’ असे दोन शब्द सुचतात. पहिला व्यापक आहे. दुसऱ्याच्या रूढ अर्थात स्त्रीच्या लैंगिक पावित्र्याचा भाग ठळक होतो. इंग्रजी शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि कादंबरीतील ताण त्यातूनच जन्मतो. मालकाच्या दृष्टीने दासीचा नकार हा उद्धटपणा. पामेलाच्या दृष्टीने आपला आत्मा राजकन्येच्या आत्म्याइतकाच मोलाचा. दर्जाने खालच्या मुलीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे त्या काळी धाडसाचे विधान होते.

तथापि शीर्षकातील ‘पारितोषिक’ अडचणीचे आहे. ज्याने छळले, त्याच्याशी विवाह हेच बक्षीस कसे? हेन्री फील्डिंगने ‘शमेला’ (१७४१) या विडंबनात नायिकेला धूर्त ठरवले. हा आक्षेप विचारार्ह असला, तरी अपुरा आहे. आर्थिक आधार नसलेल्या मुलीपुढे सन्मानाने जगण्याचे मार्ग किती होते, हा प्रश्न त्यात सुटून जातो. विवाहानंतरही मिस्टर बीची बहीण लेडी डेव्हर्स पामेलाला दासीच लेखते. म्हणजे व्यक्तीचा दर्जा बदलतो. दर्जांची उतरंड तशीच राहते. रिचर्डसनच्या नीतिबोधाची मर्यादा येथे दिसते.

४.६ स्वयंअध्ययन

१. मिस्टर बीचे पामेलाशी विवाहापूर्वीचे व नंतरचे संभाषण मराठीत आणताना ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी कोणती रूपे निवडाल? पामेलाच्या बोलण्यात कोणती? कारणे द्या.
२. हीच कथा मिस्टर बीच्या पत्रांतून सांगितली असती, तर वाचकाचा विश्वास कोणावर बसला असता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यापूर्वी ४.४ पुन्हा वाचा. लेखणी कोणाच्या हाती आहे, यावर सत्य कोणाचे ठरते हे अवलंबून असते. या घटकाचे मर्म तेच आहे.