इरजण लागेना तेव्हा

पोरी, पुण्याला निघालीस, तर बॅगेतली ती गोळ्यांची पिशवी आधी बाहेर काढ. पोट बिघडलं की दोन गोळ्या, बरं वाटलं की उरलेल्या मैत्रिणीला. ही रीत आपल्या घरची नाही.

मी भूमला दूध संकलनावर 31 वर्षं काढली. आपल्या भागात खव्याच्या भट्ट्या गावोगाव, दूध घरोघर, आणि बायकांची तक्रार एकच, इरजण लागेना. कुणी म्हणायची दृष्ट लागली. मी विचारायचो, गाईला दगडी झाली होती का? बहुतेकदा झालेली असायची. सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडलेली, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरायच्या आत ते दूध चुलीवर. असल्या दुधात दह्याचे जिवाणू वाढतच नाहीत. मला अजून गोळी गिळताना ते पाणचट राहिलेलं गाडगं दिसतं. तुझ्या आतड्यातही इरजणच आहे की, फक्त फार मोठं आणि नाना जातींचं. म्हणून अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्यायचं. दिलं तर सांगितलेले दिवस पुरे घ्यायचं.

इरजण न लागण्याचं दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. एका डेअरीत, नाव कशाला घेऊ, टाकीभर दूध तसंच राहिलं. औषधाचा अंश नाही, तापमान बरोबर. साहेब म्हणाले, फाज शिरलाय. बॅक्टेरिओफाज म्हणजे जिवाणूवर जगणारा विषाणू. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपलं बी आत सोडतो, आत पिलावळ होते आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीत त्याला वाढता येत नाही. शिवाय तो मोठा चोखंदळ. ठरलेली जात सोडून दुसऱ्या जिवाणूकडं ढुंकून बघत नाही. डेअरीचं विरजण निवडक जातींचं, त्यामुळं त्यांना गाठणारा फाज आला की सगळी टाकी वाया. म्हणून ते लोक विरजण आलटूनपालटून वापरतात. आजीच्या गाडग्यात मात्र कितीतरी जाती एकत्र नांदतात. एक मेली तरी दुसरी दही लावते. त्या दिवसापासून मी घरच्या इरजणाला जास्त मानतो.

हाच फाज रोगाच्या जंतूंवर सोडला तर? ही कल्पना शंभर वर्षांची आहे. 1896 साली आग्र्याला अर्नेस्ट हॅनकिन नावाच्या इंग्रजानं पाहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. कशानं, ते त्याला उमगलं नाही. फाजच असावेत, असं पुढं बऱ्याच जणांनी मानलं. 1917 मध्ये पॅरिसला फेलिक्स द’एरेलनं हगवणीतून बऱ्या होणाऱ्या रोग्यांच्या शौचातून हे प्रकरण हुडकलं आणि त्याला नाव दिलं. पुढं तो पटकीवरचा उपाय घेऊन हिंदुस्थानातही येऊन गेला. मग पेनिसिलिन आलं आणि बहुतेक जग फाजला विसरलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीची 1923 ची संस्था मात्र चिकटून राहिली. आता जंतू गोळ्यांना जुमानेनात, तेव्हा सगळ्यांना पुन्हा आठवण झाली.

पण हे हॉस्टेलच्या खोलीत करायचं काम नाही. जंतू कोणता ते प्रयोगशाळेत ठरलं, की मगच त्याला लागू पडणारा फाज शोधायचा. मोबाईलवर कुणी ‘फाज’ची बाटली विकायला लागला तर पैसे जपून ठेव. आणि हे ऐकून कुणाला औषध म्हणून गंगाजल पाजू नकोस. नदीच्या पाण्यात फाज असतील, तसे हगवणीचे जंतूही असतील.

आपल्या हातातलं बोलू. वेळ अमावस्येला आपण रानात कडब्याची कोप करतो, पांडव पुजतो आणि बिंदग्यातली आंबील पितो. ज्वारीचं पीठ रात्री ताकात आंबवायचं, सकाळी शिजवायचं. शिजवली की त्यातले जिवाणू मेले, असं मी म्हणतो. आजीला ते पटत नाही. गार झाल्यावर वरून ताजं ताक घाल, म्हणजे दोघांचंही राहील. कढीचंही तसंच, चव उरते, जीव उरत नाही.

दही लावताना दूध करंगळीला सोसेल इतकंच कोमट ठेव, इरजण चमचाभर पुरे. आणि आतड्यातल्या जिवाणूंना खायला घाल. भाकरी, डाळी, कांदा, पालेभाजी. नुसत्या मैद्यावर ते उपाशी राहतात. दुकानातली प्रोबायोटिकची पुडी घेतलीस तर जिवाणूचं पूर्ण नाव, संख्या आणि ती कशासाठी आहे ते वाच. प्रत्येक पुडी प्रत्येक दुखण्याला चालत नाही. कॅन्सरचं औषध चालू असलेल्या माणसाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नकोस.

जुलाब लागले तर आधी पाणी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. 1971 मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या असल्याच पाण्यानं पटकीची माणसं वाचवली. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी थांबली तर मला फोन करत बसू नकोस, दवाखाना गाठ.

आजीनं इरजण स्टीलच्या डब्यात बांधलंय. एसटीत मांडीवरच ठेव, बार्शीच्या पुढं गाडी फार आदळते.