शिंगराची शाळा

घोडीच्या पिलाला शिंगरू म्हणतात. ते अकरा महिने आईच्या पोटात असते. जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते. लगेच आईमागे चालू लागते. आपल्या पोराला चालायला वर्ष लागते. म्हणून वाटते, शिंगरू लवकर कामाला येईल. पण तसे नाही. शिंगरू लवकर पळते, शहाणे मात्र सावकाश होते.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा हे गाव आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. एका शेतकऱ्याच्या पोराने त्या बाजारातून दीड वर्षाचे मादी शिंगरू आणले. दोन वर्षे साठवलेले पैसे त्यात घातले. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तिचे नाव ठेवले चांदणी.

पोराचे आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांचा एक पाय अधू होता. काठी टेकत ते उठले. त्यांनी शिंगराचे पाय पाहिले, खूर पाहिले, तोंड उघडून दात पाहिले.

पोरगा म्हणाला, “आजोबा, पुढल्या दत्तजयंतीला हिच्यावर बसून गावात मिरवणार.”

“मिरव की. पर पुढल्या न्हाई, त्याच्या पुढल्या.”

“म्हंजे दोन वरसं नुसतं खाऊ घालायचं?”

“नुसतं न्हाई. शिकवायचं. वर बसायचं सगळ्यात शेवटी.”

आजोबांचे म्हणणे खरे होते. शिंगराची सगळी हाडे एकदम पक्की होत नाहीत. खुराजवळची हाडे आधी पक्की होतात, मग गुडघ्याची. पाठीचा कणा सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांनी पक्का होतो. आणि माणूस बसतो तो पाठीवरच! कोवळ्या पाठीवर ओझे टाकले तर घोडा जन्माचा अधू होऊ शकतो.

वय दातांवरून कळते. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के दात येतात. साडेतीन वर्षांच्या सुमारास त्यांच्या शेजारचे बदलतात. साडेचारला कडेचे. पाच वर्षांला तोंड पुरे होते.

चांदणीची शाळा सुरू झाली. पहिला धडा होता हाताची ओळख. घोड्याला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते. पण अगदी पाठीमागचे दिसत नाही, आणि कपाळासमोर अगदी जवळचेही दिसत नाही. म्हणून मागून मुकाट्याने जाऊ नये. तो दचकतो आणि लाथ झाडतो. पोरगा बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जाई. मानेवर हात फिरवी. मग पाठ, मग पोट, मग पाय. रोज खरारा करी. रोज चारही पाय एकेक करून उचली. त्यामुळे नालबंद आला तेव्हा चांदणी उभी राहिली.

दुसरा धडा होता दोरीचा. पोरगा दोरीला जोराने हिसका देई. चांदणी अधिकच मागे रेटी.

आजोबा म्हणाले, “अरं, ताकदीत तू तिला हरणार. दोरी हलकी ताण अन् थांब. तिनं एक पाऊल टाकलं की लगेच सैल सोड.”

पोराने तसे केले. चांदणीने एक पाऊल टाकले. दोरी सैल झाली. पुन्हा ताण, पुन्हा पाऊल, पुन्हा सैल. आठ दिवसांत ती दोरी न ताणता मागे चालू लागली. दोरी सैल होणे हेच घोड्याचे बक्षीस असते. ते वेळेवर मिळाले तर तो शिकतो. उशिरा मिळाले तर गोंधळतो.

शिमगा आला. गावची पोरे हसू लागली. “शिंगरू काय पूजेला आणलंय व्हय?” पोराला ते लागले. एके दुपारी आजोबा झोपलेले पाहून त्याने चांदणीवर खोगीर टाकले. तंग आवळला आणि उडी मारून वर बसला.

चांदणीने पाठ वर केली आणि त्याला फेकून दिले. खोगीर पोटाखाली लटकले. त्या भीतीने ती शेतांतून धावत सुटली. घरी आली तेव्हा पाठ सोलली होती. तेव्हापासून खोगीर दिसले की ती थरथर कापे.

पोराने रागाने काठी उचलली. आजोबांनी त्याचा हात धरला.

“हा माझा पाय बघ. लोकांना मी सांगतो, घोडं वाईट होतं. ते खोटं हाय. तुझ्या वयात मी एक शिंगरू महिन्यात तयार केलं. उपाशी ठेवून, मारून. लोक वाहवा करत होते. एक दिवस पुलावर मोटारीचा भोंगा वाजला अन् ते उधळलं. मी खाली पडलो. पोरा, मार खाल्लेला घोडा तुझं ऐकत न्हाई, काठीचं ऐकतो. काठीहून मोठी भीती समोर आली, की तो काठी विसरतो. तवा त्याला तुझी आठवण यायला पाहिजे. माझ्या घोड्याला माझी काय आठवण यावी?”

पोराने काठी खाली ठेवली.

आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी जखम धुऊन औषध लावले. धनुर्वाताची लस टोचली. घोड्याला जखमेतून धनुर्वात फार लवकर होतो. म्हणून ही लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी.

पाठ बरी झाल्यावर शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू झाली. खोगीर चाऱ्यापासून दहा पावलांवर जमिनीवर ठेवले. रोज थोडे जवळ आणले. एक दिवस चांदणीने ते हुंगले. मग पाठीवर नुसते गोणपाट टाकले आणि लगेच काढले. मग खोगीर, पण तंग न आवळता. मग तंग, पण सैल. जी भीती एका दुपारी बसली, ती जायला चार महिने लागले.

पोरगा चांदणीला घेऊन पायीच हिंडू लागला. घोडा नुसता पाठीवर घेणारा नको. तो रस्त्यावर, पाण्यात, गर्दीत आणि एकटाही शांत राहणारा हवा. चांदणीला आधी बंद ट्रॅक्टर दाखवला, मग लांबून चालू ट्रॅक्टर. उघडी छत्री, फडफडणारे प्लास्टिक, ओढ्याचे पाणी, टेम्पोची फळी, लग्नाचा बँड, एकेक करून सारे दाखवले. ती बुजली की पोरगा तिथेच थांबे. तिला पाहू देई. ती मान खाली घालून शांत झाली की घरी नेई.

चांदणीला तीन वर्षे पुरी झाली. आता पाठीवर बसायचे. पोराने डोक्यावर मजबूत टोप घातला. आजोबांनी दोरी धरली. पहिल्या दिवशी पोरगा नुसता पोटावर आडवा झाला आणि उतरला. चार दिवसांनी मांड टाकून बसला. दोन पावले चालून उतरला. पुढे दहा मिनिटे, मग वीस मिनिटे, तेही आठवड्यात तीन-चार वेळाच. आधी संथ चाल पक्की केली. दुडकी त्यानंतर.

ओझ्याचाही हिशेब ठेवावा. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे घालू नये. घोडा ३५० किलोचा असेल तर स्वार आणि खोगीर मिळून ७० किलो. कोवळ्या घोड्याला त्याहून कमी.

ती दत्तजयंती आली. पोरगा चांदणीवर बसून देवळाकडे निघाला. वाटेत कोणी फटाक्यांची माळ लावली. चांदणी थबकली. तिचे अंग कापले, कान ताठ झाले. पोराने लगाम ओढला नाही. मानेवर हात ठेवला आणि नेहमीसारखा बोलत राहिला. तिचा एक कान मागे वळला, त्याच्या बोलण्याकडे. माळ संपली. चांदणी पुढे चालू लागली.

घरी आल्यावर आजोबा ओट्याच्या कडेशी आले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

“जरा धर रं तिला.”

पाय मोडल्यापासून आजोबा घोड्यावर बसले नव्हते. ते ओट्यावरून हळूच चांदणीच्या पाठीवर बसले. चांदणी हलली नाही. पोरगा दोरी धरून पुढे चालू लागला. अंगणात दोन फेऱ्या झाल्या.

“बास?” पोराने विचारले.

“आणिक एक,” आजोबा म्हणाले.

ध्यानात ठेवा

१. तीन वर्षांच्या आत शिंगरावर बसू नका.
२. मागून मुकाट्याने जाऊ नका. बोलत जा.
३. ऐकले की लगेच दोरी सैल सोडा.
४. धडा छोटा ठेवा, पण रोज द्या.
५. मारून शिकवू नका.

प्रश्न

१. घोड्याचे वय कशावरून ओळखतात?
२. चांदणी खोगिराला का भिऊ लागली? ती भीती कशी गेली?
३. आजोबा आपल्या पायाबद्दल लोकांना काय सांगत होते? खरे काय होते?
४. तुमच्या घरच्या जनावराला तुम्ही कसे शिकवता? चार ओळी लिहा.